गाडीत झोपवलेला काजवा

रविवार होता. माझी लेक मीना हॉस्पिटलात नर्स आहे. ड्यूटीला जाताना म्हणाली, "बाबा, दुपारी पोरं खेळायला येतील. त्यांना चहा करून द्या आणि खालून पाव आणा." मी पाव आणले. आलं ठेचून चहा ठेवला. माझं काम एवढंच होतं. बसा, सांगतो. माझी शाळा दुसरीपर्यंतच झाली, आणि मी बोलतो हळू. पण झालं ते जसंच्या तसं सांगतो.

आमचं घर इंदिरानगरात, सहाव्या मजल्यावर. मी मूळचा हरसूलच्या डोंगरातला. बायको गेल्यावर लेकीनं इकडं आणलं. जावई ट्रकवर असतात, महिन्यातून दोनदा येतात. नात तेजल बारावीला आहे. नातू अमित होता. मागच्या वर्षी मित्रांबरोबर धरणावर गेला आणि बुडाला. तिसऱ्या दिवशी सापडला. काठावर मी होतो. त्या गाळाचा वास मला अजून ओळखू येतो.

हा खेळ घरात अमितनंच आणला. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात. आपला माणूस काय करतो ते ज्यानं त्यानं बोलायचं, आणि ते साधलं का नाही हे वीस बाजूंचा फासा सांगतो. गोष्ट सांगते वैष्णवी, तेजलची मैत्रीण. राक्षस, चेटकिणी, सगळ्यांचे आवाज तीच काढते. शेजारच्या बिल्डिंगमधला रुद्र तलवारवाला. तेजल तिरंदाज, तिच्या माणसाचं नाव चिमणी. अमित जादूगार होता. त्याचं नाव त्यानं काजवा ठेवलं होतं, कारण लहानपणी मी त्याला आमच्याकडचे काजवे दाखवले होते.

या पोरांची एक रीत आहे. एखादा खेळायला आला नाही तर त्याचा माणूस मारत नाहीत. तो मागं बैलगाडीत झोपलाय असं धरतात आणि गाडी बरोबर नेतात. अमित गेल्यावर त्यांनी काजव्यालाही गाडीत झोपवला. त्याला अकरा महिने झाले. प्रत्येक रविवारी वैष्णवी आधी म्हणायची, "काजवा गाडीत झोपलाय," मग गोष्ट सुरू करायची. त्याची खुर्चीही टेबलाशी तशीच असायची.

मी चहा घेऊन गेलो तेव्हा तिघं खेळात अडून बसली होती. पुढं चेटकीण होती, आणि तिची जादू तोडणारं कोणी नव्हतं. ते काम काजव्याचं.

"आजोबा, तुम्ही बसा ना अमितच्या जागी," तेजल म्हणाली.

"मला काय कळतंय त्यातलं?"

"फक्त एक करायचं," वैष्णवी म्हणाली. "चेटकीण मंत्र म्हणत असली की मध्येच 'तोड' म्हणायचं. मंत्र पुरा झाला तर उपयोग नाही. ती तुम्हाला दिसली पाहिजे. आणि एका फेरीत एकदाच."

"सोपंय आजोबा," रुद्र म्हणाला. "मॅच बघताना तुम्ही आमच्या मध्ये बोलताच की."

मला हसू आलं. "आरं, माझा बाप चिमाजी हेच काम करायचा. खरं."

माझा बाप भगत होता. लोकांवर आलेलं तो तोडायचा. आमच्या डोंगरात हाकेला फार भितात. बाहेरचं काही तीनदा नावानं हाक मारतं, दुसऱ्या हाकेला माणूस उठून चालू लागतो, आणि तिसऱ्या हाकेला तो गेलाच. बाप दुसऱ्या हाकेनंतर मध्ये पडायचा. हाक मारणाऱ्याकडं बघायचा आणि स्वतःचं नाव घेऊन ओ द्यायचा. "मी चिमाजी. ओ." मग ती हाक त्या माणसाला सोडून बापाकडं वळायची. बाप ती अंगावर घेऊन रानात जायचा आणि एका ठरलेल्या दगडाला देऊन यायचा. परत आला की दोन दिवस कोणाशी बोलायचा नाही.

"म्हणजे आजोबा तर प्रो आहेत!" रुद्र ओरडला. "आता फासा कशाला टाकायचा?"

वैष्णवीनं वही उघडली. "काजवा गाडीतून उठला," ती म्हणाली. क्षणभर तिघांपैकी कोणी माझ्याकडं बघितलं नाही.

तासभर खेळलो. सगळी मला काजवा म्हणायला लागली. "काजवा, मशाल धर." "काजवा, मागं बघ." मी प्रत्येक वेळी ओ द्यायचो. खोटं कशाला बोलू, मला ते गोड वाटत होतं. त्या घरात अकरा महिन्यांनी कोणी त्याला बोलावत होतं, आणि त्याच्या खुर्चीतून उत्तर येत होतं.

साडेतीनच्या सुमारास आभाळ भरून आलं. लाईट गेली. पंखा फिरत फिरत थांबला आणि घरात एकदम शांत झालं. वैष्णवीनं मोबाईलचा उजेड वहीवर धरला.

"पुढं एक विहीर आहे," ती हळू आवाजात सांगू लागली. "काठावर एक बाई बसलीये. पाठमोरी. तिचे केस पाण्यापर्यंत गेलेत. ती तीनदा हाक मारणार. तिसऱ्या हाकेला ज्याचं नाव, तो तिचा."

मग तिनं आवाज घोगरा केला. "चिमणी…"

तेजल खुदकन हसली.

तेव्हा मला वास आला. गाळाचा. आधी वाटलं खालची मोरी तुंबली असेल. पण मोरीचा वास वेगळा. हा थंड होता, आणि तो गॅलरीकडून येत होता.

"तेजू…"

वैष्णवीचं तोंड मिटलेलं होतं. मी तिच्याकडंच बघत होतो. आवाज तोंडात पाणी भरल्यासारखा होता. आणि तेजलला तेजू म्हणणारं आमच्या घरात एकच माणूस होतं.

तेजल उठली. खुर्ची फरशीवर ओढल्याचा आवाज झाला. ती गॅलरीकडं चालू लागली. डोळे उघडे होते, पण झोपेत चालणाऱ्या माणसासारखे.

"भारी तेजल," रुद्र म्हणाला. "जरा ओव्हर होतंय पण…"

गॅलरीचं दार सताड उघडं होतं. कठडा माझ्या कमरेइतका. खाली सहा मजले. दोरीवर मीनाची साडी होती, आदल्या दिवशी वाळत घातलेली. बाहेर वारा सुटला होता, बाकीचे कपडे उडत होते. ती साडी तेवढी सरळ लोंबत होती, मागं कोणी उभं असावं तशी. तिच्या काठावरून पाणी ठिबकत होतं… एकेक थेंब… कठड्यापाशी काळपट थारोळं झालं होतं. तेजलनं त्यात पाय ठेवला. एक हात कठड्यावर टेकला.

मी अजून खुर्चीतच होतो. तिच्यापर्यंत पोहोचलो नसतो. मी साडीकडं बघितलं, आणि पलीकडून श्वास घेतल्याचा आवाज ऐकला. बोलण्याआधी माणूस घेतो तसा.

"तोड!" मी ओरडलो. "मी काजवा! ओ!"

तिसरी हाक आलीच नाही. साडी हलली, इतर कपड्यांसारखी उडू लागली. लाईट आली. तेजल स्वतःच्या ओल्या पायाकडं बघत म्हणाली, "मी इथं कशी आले?" मी तिला धरून आत आणलं आणि दाराला कडी घातली.

वैष्णवी रडत होती. "आजोबा, दुसरी हाक मी नाही मारली… शप्पथ."

"ठाऊक हाय, बाळा. खेळ आवर आता."

पोरं गेली. तेजल दमून झोपली. मी तिच्या पायाशी बसून होतो, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं. बापानं शिकवलेलं सगळं मी बरोबर केलं होतं. बघितलं होतं, तिसरीच्या आत मध्ये पडलो होतो. फक्त नाव चुकलो. माझं नाव बुधा, ते घ्यायचं होतं. तासभर सगळी ज्या नावानं बोलावत होती तेच तोंडात आलं. हाक माझ्याकडं वळलीच नाही. वळली असती तर ती घेऊन मी हरसूलला गेलो असतो, बापाचा दगड मला माहीत आहे. ती गेली काजव्याकडं. आणि काजव्याला आम्ही गाडीतून उठवून बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मीना ड्यूटीला गेल्यावर मी दूध आणायला खाली गेलो. गेटवर आमचा वॉचमन कारभारी वही घेऊन बसतो. येणारा माणूस त्यात नाव, फ्लॅट, आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ लिहितो.

"बाबा, जरा थांबा," तो म्हणाला. "काल तुमच्याकडं पाव्हणा आला का? मी पाणी भरायला गेलो होतो, तेवढ्यात कोणीतरी लिहून गेलंय. बाहेर जायची वेळच नाय. सेक्रेटरी माझ्यावर ओरडतो. तुम्हीच टाका काहीतरी."

त्यानं वही पुढं केली. पान पाण्यानं फुगलं होतं. काजवा, सहाशे दोन, तीन चाळीस. मला वाचायला वेळ लागतो, पण हे लागलीच वाचलं. तो 'क' मला माहीत आहे. अमितनंच मला सही करायला शिकवली होती, माझा हात धरून.

पेन माझ्या हातात होता. वेळ लिहिली की तो गेला, असं मला त्या क्षणी पक्कं वाटलं. नाही लिहिली, तर तो तेजलच्या घरात राहिला. गॅलरीत उभा होता तो माझा नातू, की त्याला घेऊन गेलेलं पाणी, हे मला अजूनही सांगता येत नाही. बाप असता तर त्यानं लिहिलं असतं. मी पेन टेकवला. एक ठिपका उमटला. हात पुढं सरकला नाही.

"राहू दे कारभारी," मी म्हणालो. "घरचाच हाय."

वर आलो. दार लोटलेलं होतं. जिन्याच्या वरच्या पायरीपासून दारापर्यंत फरशी ओली होती. मी वाकून चप्पल काढत होतो, तेवढ्यात आतल्या खोलीतून तेजलनं हाक मारली, "आजोबा…"

मी तोंड उघडलं. त्याआधीच स्वयंपाकघरातून कोणीतरी तिला ओ दिली.