ग्यूहो मास्तरांचं करडं चित्र

समुद्राकडची खिडकी लावून घ्या आधी. हां, आता बसा. आणि मधे कुणी खिदळू नका, कारण ज्याच्यावर हे गुदरलं तो मान्सोक माझ्या रोजच्या बसण्या-उठण्यातला. निळा टेम्पो चालवतो तोच. उगाच थापा मारणारा माणूस नाही तो. दारू प्यायला तरी कमीच बोलतो.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. अमावस्या होऊन दुसरी रात्र, म्हणजे उधाणाचे दिवस. गाल्दो बेटाचा रस्ता तुम्हाला ठाऊकच आहे, ओहोटीला उघडा, भरतीला पाण्याखाली. मान्सोकला बेटावरून एक चित्र आणायचं होतं. दुपारच्या ओहोटीलाच जायचा, पण टेम्पोचा पट्टा तुटला, दुरुस्तीत दुपार गेली. शहरातल्या संग्रहालयवाल्यांना चित्र सकाळी हवं होतं. म्हणून मग रात्रीच्या ओहोटीला निघाला.

चित्र ग्यूहो मास्तरांनी काढलेलं. मास्तर त्याआधीच्या हिवाळ्यात वारले, त्यांची बायको कुम्सुन आजी घरात एकटीच. तिनं बार्लीचा चहा दिला, मुळ्याचं लोणचं पुढं केलं, आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं. चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं होतं.

मान्सोकनं ते वळवलं. माणसाच्या उंचीचं. त्यात म्हटलं तर काहीच नव्हतं. करड्या रंगाचे आडवे पट्टे, खाली काळपट, वर जाता जाता पांढुरके, आणि डाव्या बाजूला बोटभर काळा फटकारा. ना होडी, ना पक्षी. परका माणूस म्हणाला असता, हे कसलं चित्र. पण मान्सोक इथलाच. त्यानं बघितलं आणि त्याला ओहोटीचा चिखल दिसला, लांबच लांब, धुकं चढायच्या आधीचा.

"छान आहे, आजी."

"छान आहे खरं," म्हातारी म्हणाली. "तेच तर वाईट झालं."

मग तिनं सांगितलं. मास्तर तरुणपणी खडकावर बसून हे रंगवत होते. समोरच्या चिखलात पलीकडच्या किनाऱ्यावरची एक बाई तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढत होती; चित्रातला काळा फटकारा तीच. धुकं आलं. धुक्यात चिखलावर दिशा राहत नाही, पायाखाली सगळीकडे सारखंच. बाई हाका मारायला लागली, किनारा कुठं आहे म्हणून. मास्तरांनी ऐकलं. त्यांनी एक ओ दिली असती, तर आवाजाच्या रोखानं ती आली असती. पण उजेड असा काही पडला होता, हात असा काही चालला होता... एवढा पट्टा होऊ दे, मग देऊ हाक. एवढाच पट्टा. पट्टा झाला तेव्हा हाका थांबल्या होत्या आणि पाणी खडकाला लागलं होतं. मास्तरांनी जन्मभर ते चित्र कुणाला दाखवलं नाही. बायकोला हे सांगितलं तेही अंथरुणाला खिळल्यावर.

मान्सोकला चहा गोड लागेना. हे मला कशाला सांगता, असं त्यानं विचारलं.

"वाटेत तू एकटाच असणार त्याच्याबरोबर," आजी म्हणाली. "माहीत असलेलं बरं."

"मी डुकरं वाहिलीत आजी ह्या टेम्पोत. गळा काढून ओरडतात. चित्राचं काय एवढं?"

"ओरडणाऱ्याचं काही नसतं रे. ऐकणाऱ्याचं असतं."

चित्र गोधडीत गुंडाळून, मागं दोरानं बांधून, ताडपत्री ओढून मान्सोक निघाला. वेळ हातात होता. पाणी फिरायला अवकाश होता. रस्त्याच्या अर्ध्यावर आला आणि धुकं उतरलं.

बघता बघता कडेचे खांब दिसेनासे झाले. दिव्यांच्या उजेडात समोर नुसती पांढरी भिंत. त्यानं वेग कमी केला. मग अजून कमी केला. मग टेम्पो थांबवला आणि काच खाली केली, चाक कडेला तर गेलं नाही ना, बघायला.

तेव्हा ऐकू आलं.

"अहो... किनारा कुठं आहे?"

डावीकडून. लांबून. बाईचा आवाज. त्याला आधी वाटलं, कुणी खरंच अडकलीय. आमच्याकडे अजूनही अडकतात. त्यानं ओ द्यायला तोंड उघडलं, पण घशातून आवाज निघेना.

"कुणी आहे का... किनारा कुठं?"

आता उजवीकडून. आवाजात राग नव्हता. ते जास्त वाईट, असं मान्सोक मला म्हणाला. नुसती दमलेली होती. पुष्कळ वेळ चालत असलेल्या बाईसारखी.

त्यानं गिअर टाकला. निघून जायचं, बस. पाय दाबला. टेम्पो हलला.

मग मागून. ताडपत्रीच्या आतून. अगदी त्याच्या मानेपाशी...

"मला... दिसत नाही हो."

मान्सोकनं मागं बघितलं नाही. चिखलाचा वास आला, उकरलेल्या चिखलाचा. काचेच्या खालून पाण्याचा आवाज येत होता. बारीक. सरकता. पाणी फिरलं होतं.

जायला हवं होतं. आता. लगेच.

...

त्यानं हॉर्न दाबला.

लांब दाबला. सोडला. पुन्हा दाबला. मग दहा पावलं पुढं गेला, थांबला, पुन्हा दाबला. थांबायची गरज नव्हती. थांबला. कारण मागं पावलं वाजत होती. पचक... पचक... चिखलातून पाय उपसल्यासारखी. तो थांबला की ती जवळ येत. तो हॉर्न वाजवी. ती अजून जवळ.

पाणी चाकाला लागलं.

"इकडे," तो म्हणाला. आवाज फुटला एकदाचा. "इकडे या, मावशी. इकडे. माझ्या मागं या."

पाणी निम्म्या चाकावर. इंजिन खोकलं. तो हॉर्न वाजवत राहिला... आणि मग पुढची चाकं चढाला लागली. सिमेंटचा चढ. किनारा.

पावलं दारापाशी आली. थांबली. मान्सोकनं डोळे मिटून घेतले होते. मग ती टेम्पोच्या पुढं गेली. चढावरून. वर. हळूहळू.

मग काही नाही.

चढाच्या तोंडाशी हेरिमचं शेवयांचं हॉटेल आहे. हॉर्ननं जागी होऊन ती दिवा लावून दारात उभी होती. तिनं मान्सोकला धरून आत नेलं, पांघरूण दिलं. मग त्यानं तिला सगळं सांगितलं. ती लहान असतानाच तिची आई चिखलात गेली होती. प्रेत मिळालं नाही. गावात लोक म्हणायचे, बाई पोरीला टाकून कुणाबरोबर तरी पळाली. हेरिम हे ऐकतच मोठी झाली.

"हाका मारत होती?" तिनं विचारलं. "किनारा कुठं, असं?"

मान्सोकनं हो म्हणून मान हलवली.

"म्हणजे घरीच येत होती," हेरिम म्हणाली.

चित्र सकाळी संग्रहालयात पोचलं. तिथं टांगलेलं आहे. तो काळा फटकारा होता तिथंच आहे, पाहिजे तर जाऊन बघून या. चित्राचं काही नाही.

मला कळत नाही ते वेगळंच. उजाडल्यावर हेरिमनं मागचं, स्वयंपाकघराचं दार उघडलं. पायरीवर तिसऱ्यांचा ढीग होता. त्या मोठ्या पांढऱ्या. तुमच्यातल्या कुणी बघितल्याही नसतील. वरच्या अंगाला बांध घातला तेव्हा इथली ती जात मेली. त्याला आता दोन पिढ्या झाल्या.

मान्सोक तिच्या मागंच उभा होता. हेरिमनं वाकून एकीला बोट लावलं.

त्या तिसरीनं शिंपली चटकन मिटून घेतली.