ग्वेनच्या वाट्याचा केक

इदवाल प्यू दुपारी चारला चहा ठेवायचा. बायको गेली तरी वेळ तीच राहिली. चुबुत नदीच्या खोऱ्यातलं ते विटांचं शेतघर त्याच्या पणजोबांनी, जोसाया प्यूंनी, वेल्सहून बोटीने आल्यावर बांधलेलं. पहिल्याच हिवाळ्यात त्यांची तीन मुलं उपासमारीने गेली. ती घरामागच्या पॉप्लरच्या झाडाखाली पुरलेली आहेत.

खोऱ्यात लग्नाला काळा केक करतात. त्याचा वरचा थर नवराबायको पत्र्याच्या डब्यात जपतात आणि दर लग्नाच्या वाढदिवसाला एकेक काप खातात. प्यूंच्या घरात आणखी एक नियम होता. दोघांतलं एक गेलं, की उरलेला केक दफनानंतरच्या चहाला वाटून संपवायचा. मग मेलेलं माणूस भुकेलं मागे रेंगाळत नाही.

एप्रिलमध्ये ग्वेनला पुरून आल्यावर इदवालने सगळ्यांना सांगितलं, केक कधीच संपला. डबा त्याने पिठाच्या पिंपामागे सरकवून ठेवला होता. ती रेंगाळली तर त्याला हवीच होती.

सप्टेंबरात पाटाला पाणी सुटलं. आपल्या पाळीचं पाटाचं दार उचलून तो घरी आला, तर डबा टेबलावर उघडा. एक काप कमी. सुरी धुऊन पालथी ठेवलेली.

मुलगी नेस्ता त्या आठवड्यात आलेलीच होती, त्याला कायमचं त्रेलेव शहरात आपल्या घरी न्यायला. त्याने तिलाच विचारलं.

"मी? त्या दगडाला दात लावले तर दंतवैद्याच्या दारात झोपावं लागेल, बाबा." मग तिने डब्यात वाकून पाहिलं. "संपला म्हणाला होतात ना?"

त्याने डब्याला झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोन काप गेले. इदवालने कित्येक महिन्यांनी नीट दाढी केली, शर्टाला इस्त्री केली आणि चहाचे दोन कप मांडले. नेस्ता बघत राहिली.

शनिवारी गाडीत बॅगा ठेवून झाल्यावर तो म्हणाला, मी येत नाही. ती रागावली, मग रडली. औषधांचं कोण बघणार, पडलात तर कुणाला कळणार, सगळं बोलून झालं.

"आई गेली, बाबा."

"ती घरात आहे."

नेस्ताने त्याच्या बॅगा उतरवून ओसरीवर ठेवल्या आणि ती निघून गेली.

तो आत आला. डबा रिकामा होता. टेबलावरच्या बशीत शेवटचा काप होता, अर्धा खाल्लेला. त्याला हसू आलं. चष्मा लावून तो वाकला.

ग्वेनला केकमधले अक्रोड चावत नसत. चाळीस वर्षं ती ते वेचून त्याच्या बशीत टाकत आली होती.

बशीत एकही अक्रोड नव्हता.

कापाच्या कडेला दातांच्या खुणा होत्या. एक रुंद, पुढचा दात नसलेली, भिंतीवरच्या फोटोतल्या पणजोबांसारखी. तिच्या शेजारी तीन, अगदी लहान. दुधाच्या दातांच्या.

"ग्वेन?" त्याने विचारलं.



तो दारात धावला. गाडीची धूळ पुलापलीकडे पोचली होती. त्याने हाक मारली. वाऱ्याने ती अंगणातच पाडली.

मागे, स्वयंपाकघरात, लाकडी बाक करकरला. मग पुन्हा. त्यावर बसलेले सगळे एकामागून एक सरकत होते, उशिरा आलेल्या माणसाला जागा करून द्यावी तसे.