बोटभर रिकामं

गंगाधर मास्तरांनी उभ्या जन्मात दारूचा थेंब चाखला नव्हता, पण स्कॉच व्हिस्कीचा इतिहास त्यांच्याइतका अख्ख्या भोर संस्थानात कुणाला ठाऊक नव्हता. शाळेत रसायन शिकवायचं आणि घरी येऊन स्कॉटलंडला पत्रं लिहायची, हा त्यांचा सात वर्षांचा उद्योग. जव कसे भिजवतात, कसल्या धुरावर वाळवतात, तांब्याच्या भट्टीची मान लांब का असते, यांनी वह्या भरल्या होत्या. गाव हसत होतं. बायकोने तर हसणंही सोडून दिलं होतं.

एडिंबरोचे एक प्राध्यापक या विषयावर मोठा ग्रंथ काढणार होते. साठ वर्षांपूर्वी डंकन नावाच्या साहेबाने विंझरच्या माळावर स्कॉच गाळली, ती हकीकत ग्रंथात घ्यायला ते राजी होते. फक्त पुरावा हवा होता, आणि मास्तरांकडे तेवढाच नव्हता. दफ्तरात नोंद नाही, भट्टीची एक वीट नाही, विचारावं तो मान हलवणार. मास्तर पार कावून गेले होते. साहेबाचा राखणदार रखमाजी, त्याच्या सुनेकडे एक पिंप आहे, असं १९३७च्या माघात कळलं, तसे ते कापूरहोळवरून बैलगाडी करून विंझरला जाऊन थडकले.

सून म्हणजे सत्तरीच्या रतनबाई. त्यांनी मास्तरांना गोठ्यात नेलं. बाहेर भर दुपार, आत थंडगार काळोख. कोपऱ्यात ओकचं पिंप, त्यावर डंकनचा डागलेला शिक्का. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग जुन्या कारागिरांच्या रीतीने त्यांनी पिंप बोटाने खालून वर वाजवत नेलं. जिथे पोकळ वाजेल, तिथून वर रिकामं. आवाज भरीव, भरीव... पार काठाशी, शेवटच्या बोटभर जागेत तो पोकळ झाला.

मास्तर चिडलेच. लाकडातून दरसाल थोडी दारू उडून जाते, साठ वर्षांत पिंप कोरडं पडायला हवं, तुम्ही यात काय ओतलंत, असं त्यांनी सरळ विचारलं. बाईंनी पिंपावरच्या खाचा दाखवल्या. दिवाळीच्या पाडव्याला सासरे पिंप वाजवून खाच पाडायचे, त्यांच्यामागे त्या पाडत. खाचा तळापासून वर चढत गेल्या होत्या.

“सायेब दिसंनासा झाला तवा ह्ये मोकळं व्हतं,” त्या हळू म्हणाल्या. “त्येचं बूट तेवढं हितं काढल्यालं... तवापास्नं भरतंय.”

“कशानं?”

“कुनी बगितलंय. मामंजी म्हनायचं, काठोकाठ भरलं की वाजवायचं न्हाई. आतल्याला वाटतं, बोलावलं.”

मास्तरांना असल्या गोष्टींचा तिटकारा. त्यांनी बूच काढून वेळूच्या नळीने औषधाच्या बाटलीत दारू घ्यायला सुरुवात केली. धुराचा वास आला, आणि त्यात ओल्या चामड्याचा. बाटली अर्धी झाली तसं बाईंनी त्यांचं मनगट धरलं आणि बास म्हणाल्या. मास्तरांनी बाटलीला लाख लावली, दारूच्या पातळीवर शाईची रेघ ओढली आणि तेवढं काटेकोर पत्रात लिहून लेखासोबत पार्सल रवाना केलं.

उत्तर यायला आश्विन उजाडला. सोबत बाटली परत आली होती. प्राध्यापकांनी लिहिलं होतं की, बाटली रेघेपर्यंत नव्हे, बुचापर्यंत भरलेली मिळाली. ज्यांना एवढी नोंद धड करता येत नाही, त्यांच्या बाकीच्या नोंदींवर विश्वास कसा ठेवावा? लेख वगळला आहे. बाटली उघडलेली नाही.

सात वर्षं पाण्यात गेली. मास्तरांनी रागाने पत्र चुरगाळलं. त्यांनी कापसातून बाटली काढली. लाख शाबूत होती, रेघ मधोमध होती, आणि दारू बुचाला टेकली होती. वैतागाने, निव्वळ सवयीने, त्यांनी काच नखाने खालून वर वाजवत नेली. भरीव... भरीव... भरीव. मग त्यांना रतनबाई आठवल्या आणि त्यांनी हात झटकन मागे घेतला.

टेबलावर सकाळचं कोवळं ऊन पडलं होतं. हात मागे होता, तरी काच पुन्हा वाजू लागली... खालून वर, सावकाश. आवाज बुचापाशी येऊन थांबला.

ओसरीवरून बायकोची हाक आली.

“अहो, कोण आलंय? उंबऱ्याशी ओले बूट काढून ठेवलेत...”