बरणीच्या तोंडाएवढं

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण यातलं एक अक्षरही पदरचं नाही. माझ्या मामेबहिणीच्या, ताईच्या घरी घडलंय हे. तेही दिवसाढवळ्या, मंगळवारी, चारच्या ठोक्याला.

तिचे वडील, म्हणजे मामा, संग्रहालयात कीटकतज्ज्ञ. उभं आयुष्य ढेकणांत गेलं. आम्ही त्यांना ढेकूणमामा म्हणायचो. तेही हसायचे.

दर मंगळवारी चारला ते ढेकणांच्या बरणीच्या तोंडाला जाळीचं कापड बांधून ती दंडावर उपडी धरत. ढेकूण कापडातून पोटभर पीत. मागे उरायचं लाल टिपक्यांचं वर्तुळ.

शेवटच्या दुखण्यात ते ताईला म्हणाले, "पोरी, माझ्यामागे मंगळवार चुकवू नकोस."

"शी! बाबा, मेले तरी नाही!"

मामा गेले. दोन वर्षं त्यांची संग्रहालयातली खोली कुलूपबंद होती. मग कपाट रिकामं करायला संग्रहालयाने ताईला बोलावलं.

दार उघडलं आणि तो वास आला... गोडसर, कुजका.

बरणीत वाळकी टरफलं असतील, असं तिला वाटलं होतं.

ढेकूण जिवंत होते. टच्च फुगलेले, एकमेकांवर सरपटणारे. कापडावरचं रक्त अजून ओलं...

"कोण पाजतंय यांना?"

"कुलूप आजच काढलंय, ताई," रखवालदार म्हणाला.

तिने बरणी तिथल्या फ्रीझरमध्ये टाकायला लावली. किडे मारायची तिथली तीच रीत.

संध्याकाळी तिचं लक्ष लेकीकडे गेलं. सहा वर्षांची पोर, एवढ्या उकाड्यात लांब बाह्या कशाला घालते?

तिने बाही वर केली.

दंडावर वर्तुळ. बरणीच्या तोंडाएवढं. त्याखाली जुनी, पुसट... कितीतरी.

"आजोबा म्हणाले, आईला सांगू नको. ती शी म्हणते."

पुढच्या मंगळवारी ताईने लेकीला मांडीवर घट्ट धरून ठेवलं. चार वाजले. पोर कळवळली... आणि आईच्या डोळ्यांदेखत एकेक लाल टिपका उमटत गेला.

ताई तशीच संग्रहालयात धावली. फ्रीझरमधली बरणी हाताला कोमट लागली.

तेव्हापासून ती स्वतःचा दंड पुढे करते. तोंड फिरवून, उमासे दाबत. लेकीच्या हातावर नवं वर्तुळ नाही. अजून तरी.

परवा तिने मला विचारलं, "माझ्यामागे तू बघशील ना?"

'शी' अगदी जिभेवर आलं होतं...

मी ते गिळून टाकलं.