कानेओकीची सही

दुपारच्या बसमधून कुझुमीबाई त्या डोंगरातल्या गावात उतरल्या, तेव्हा बर्फ पडायचा नुकताच थांबला होता. काम रोजचंच होतं. जुनी तलवार पाहायची, मुठीखाली दडलेली लोहाराची सही वाचायची, ती खरी की खोटी ते सांगायचं आणि किंमत ठरवायची. कानाझावात त्यांच्या शब्दाला वजन होतं.

इसुरुगी आजोबा थांब्यावर फावडं टेकून उभे होते.

“बस वेळेवर आली,” ते म्हणाले. “ड्रायव्हर नवीन दिसतोय.”

घरात ते एकटेच राहत. त्यांनी चहा केला, खारवलेला मुळा चिरून पुढे ठेवला. मग ते बाईंना मागच्या खोलीत घेऊन गेले. वाफेनं पात्याला गंज चढू नये म्हणून तिथे शेगडी नव्हती. गारठा हाडांत शिरत होता.

“उघडण्याआधी एक ऐका,” आजोबा म्हणाले. “माझा मुलगा शुहेई तलवारी दगडावर घासून उजळायचं काम शिकत होता. सुट्टीला आला, ही मूठ काढली आणि म्हणाला, बाबा, ही कानेओकी लोहाराची सही खोटी आहे. आमच्या घराण्याची सगळी ऐट त्या नावावर. मी म्हणालो, ज्याला आपलं घरच खोटं वाटतं, त्यानं इथे थांबू नये.”

“मग?”

“नाही थांबला. घाटात गाडी घसरली. दोन हिवाळे झाले.” त्यांनी तलवार बाईंपुढे सरकवली. “तुमच्याआधी तिघे जाणकार येऊन गेले. तिघेही म्हणाले, अस्सल. म्हाताऱ्याला कोण दुखवणार?”

“तुम्हाला काय ऐकायचंय?”

“खरं काय ते.”

पात्यावर श्वास पडू नये म्हणून बाईंनी ओठांत घडीचा कागद धरला. तलवारीला वाकून नमस्कार केला, म्यान उतरवलं, मुठीतली बांबूची खुंटी ठोकून काढली, मूठ अलगद ओढली. आतलं लोखंड काळपट तपकिरी, शतकांचं. त्यावर चार अक्षरं. त्यांनी दिवा जवळ घेतला.

तेवढ्यात सहीच्या वर, उघड्या पोलादावर, धुकं धरलं.

आपलाच श्वास असेल म्हणून त्या मागे सरल्या. कागद ओठांत जागच्या जागी होता. आजोबा तर पार भिंतीशी, बाहीनं तोंड झाकून बसलेले. धुक्याचा तो ठिपका विरला... पुन्हा धरला... पुन्हा विरला. चढ चढून धापा टाकत आलेल्या माणसाच्या श्वासासारखा. खोलीत ओल्या घासदगडाचा वास पसरला.

“दिसतंय ना?” आजोबा कुजबुजले. “पातं उघडं केलं की येतो. त्या तिघांनाही दिसलं, पण कुणी बोललं नाही. तो उत्तराची वाट बघतोय, बाई.”

बाईंनी दिवा आणखी जवळ ओढला. त्यांनी सही पुन्हा पाहिली. खरा लोहार स्वतःचं नाव एका दमात कोरतो. इथे छिन्नी प्रत्येक रेघेत अडखळली होती. नमुना बघत बघत कोरलेलं. रेघांतला गंजही कोवळा. त्यांनी तोंड वळवून कागद काढला.

“पातं जुनं आहे, फार चांगलं आहे. पण सही कुणीतरी मागाहून कोरलीय. किंमत दहाव्या हिश्शावर येईल.” त्यांनी आजोबांकडे पाहिलं. “तुमचा मुलगा बरोबर होता.”

ठिपका कडांकडून आक्रसत गेला. पोलाद लख्ख झालं. पुन्हा काही धरलं नाही.

“शुहेई?” आजोबा गुडघ्यांवर पुढे आले, चटईवर कपाळ टेकलं. “चुकलो रे मी. एवढं ऐकून तरी जा.”

छपरावरून बर्फ घसरल्याचा आवाज आला. बाकी काही नाही. त्यांची पाठ नुसतीच हलत राहिली.

“मला वाटलं होतं... माफी मागण्यापुरता तरी थांबेल,” ते म्हणाले. मग मान वर केली. “बाई, अस्सल आहे म्हणा. एकदाच. भांडायला तरी परत येईल. लहानपणापासून भांडखोर आहे तो.”

सहीच्या बाबतीत बाई आजवर खोटं बोलल्या नव्हत्या, आणि गेलेल्याला खोट्यानं हाक मारली तर कोण ओ देईल, कुणास ठाऊक. त्यांनी त्या म्हाताऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“अस्सल आहे,” त्या म्हणाल्या. “कानेओकीचीच सही.”

बराच वेळ गेला. मग त्याच जागी धुकं धरलं, तसंच भरभर.

आजोबा रडता रडता हसले. बाही तोंडावर दाबून पात्याशी वाकले, “शुहेई, अरे, मी...” म्हणाले, आणि तिथेच थबकले.

पहिल्या ठिपक्यापासून वीतभर अंतरावर, टोकाच्या बाजूला, दुसरा ठिपका धरला होता. पहिल्याहून मोठा. तो सावकाश पसरत होता, फार सावकाश... आणि विरत नव्हता.

“आजोबा,” बाईंनी बोट दाखवलं. “हा... दुसरा कोण?”

आजोबा मागे सरकत सरकत भिंतीला टेकले.

“मला एकच मुलगा होता,” ते म्हणाले.