गुड्डीताईंची सही

शहापूरला हायवेच्या कडेला शकुनबाईंचं चहा-आलुबोंड्याचं हॉटेल आहे. तिथल्या भिंतीत वीज येणारा पॉइंट एकच. पौषातल्या एका शनिवारी सकाळी रंजिता तिथे पोचली, त्या पॉइंटजवळचं टेबल धरलं, लॅपटॉप लावला आणि दाराकडे तोंड करून बसली. ती गुड्डीताईंची वाट बघत होती. गुड्डीताई दिसतात कशा, हे तिला ठाऊक नव्हतं. उंच असतील, चष्मा असेल, केसांत एखादी पांढरी बट... असं तिने आपलं मनाशी ठरवून टाकलं होतं.

दारातून आला तो एक तरुण. शर्टावर धानाचा कोंडा, खांद्याला बॅग. आत येऊन तो थबकला. बाकीची सगळी टेबलं रिकामी होती, तरी तो तिच्याच टेबलाशी आला आणि बराच वेळ खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"बॅटरी बसली माही," शेवटी तो म्हणाला. "थोडा वेळ... लावू देता काय?"

"लावा ना भाऊ. पन अकरापर्यंतच. माह्या ताई येऊन राहिल्या."

भाऊ म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला, आणि ताई म्हटल्यावर आणखी उतरला. रंजिताचं तिकडे लक्ष नव्हतं. तिच्या पडद्यावर चूक दाखवणारी तीच लाल ओळ पुन्हा उमटली होती, आणि ती त्या ओळीला हळू आवाजात शिव्या देत होती. काय झालं म्हणून त्याने विचारलं. अनोळखी माणसाला सांगणं सोपं असतं, आणि घरी तर हे कळणारं कोणीच नव्हतं. तिने सांगून टाकलं.

रंजिता मोहाडीच्या विणकरांच्या घरची. वडील टेकचंद अजून मागावर करवतकाठी, म्हणजे करवतीच्या दातांसारख्या काठाची साडी विणतात. भंडाऱ्याला कॉम्प्युटर शिकताना तिने वडिलांसाठी एक प्रोग्रॅम लिहिला. चौकटींत काठाची नक्षी काढायची, की कुठला धागा कधी उचलायचा ते तो मोजून देई. नाव ठेवलं 'काठ', आणि तो इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट, उघडा ठेवून दिला. ज्याला हवा त्याने घ्यावा, ज्याला चूक दिसेल त्याने दुरुस्त करावी. आठ महिन्यांपूर्वी गुड्डी नावाच्या कोणीतरी पहिली चूक दुरुस्त करून पाठवली. रंजिताने लिहिलं, धन्यवाद ताई. तेव्हापासून काम दोघींचं झालं. आता तो चार विणकर संस्थांच्या कॉम्प्युटरवर होता.

मात्र उघड्या मालात कोणीही खोटा माल मिसळू शकतो. म्हणून नवी आवृत्ती बाहेर काढताना तिच्यावर दोघींची सही लागे. कागदावरची नव्हे, कॉम्प्युटरमधली, जिची नक्कल होत नाही अशी. सातबाऱ्याला जसा तलाठ्याचा शिक्का, तशी. दोन्ही सह्या ओळखीच्या निघाल्या तरच संस्थांची यंत्रं ती आवृत्ती आत घेत.

"आन् आता घेऊन नाही राहिली," रंजिता म्हणाली.

जुन्या आवृत्तीत एक दोष होता. काठ जिथे उलटा फिरतो तिथला धागा ती दोनदा मोजे, आणि करवतीचा तो दात बोथट येई. दोष गुड्डीताईंनीच शोधला, दुरुस्तही केला. सोमवारी मोहाडीत चौदा मागांवर नवा काठ चढायचा होता. टेकचंदांनी आपल्या पोरीच्या भरवशावर संस्थेला शब्द दिला होता. आणि गेल्या गुरुवारपासून गुड्डीताईंच्या सहीवर यंत्र एकच सांगत होतं: सही शाबूत आहे, पण सही करणारा अनोळखी आहे.

"मी खोलून पाह्यलं," रंजिता म्हणाली, "तं सहीमागं नाव कोनाचं? भूपेंद्र. कोनी भामटा ताईच्या खात्यात घुसला. ताईले कळवलं, म्हनलं समोरासमोर भेटा, ओळखपत्र आना, मंगच मी नव्या सहीची ग्वाही देईन. त्या म्हनल्या, घरचं धान घेऊन शहापूरच्या मिलमंधी येतोच आहो, तिथंच भेटू."

तरुणाने चहा बशीत ओतला. निम्मा टेबलावर गेला.

"भामटाच असन कशावरून?" त्याने विचारलं.

"चांगला मानूस दुसऱ्याच्या नावानं काहून सही करन?"

सव्वाअकरा झाले, साडेअकरा झाले. बायका आल्या, चहा पिऊन गेल्या. प्रत्येकीकडे रंजिता आशेने बघे, आणि तो तरुण बशीत बघे. शेवटी तिने लॅपटॉप ओढला. ताई येत नसतील तर त्यांचं नाव यादीतून काढून टाकते, म्हणाली, एकटीच्याच सहीवर आवृत्ती सोडते. चाचणीही राहू दे, वेळ नाही.

"पऱ्हे पाह्याशिवाय रोवना करू नका," तो म्हणाला.

तो सहज बोलून गेला होता. रंजिताचे हात मात्र बटणांवरच थांबले. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं आणि रोवना म्हणजे त्यांची लावणी, हे त्या मुलखात शेंबडं पोरही जाणतं. पण चाचणीच्या आवृत्तीला पऱ्हे आणि पक्क्या आवृत्तीला रोवना म्हणणारं माणूस जगात एकच होतं.

"काय म्हनलं?"

"आमच्या कोंढा गावाकडं सगळेच म्हनतात तसं."

"कॉम्प्युटरले?"

तो साखरेच्या डब्याचं झाकण लावू लागला. हायवेवरून एक ट्रक गेला, त्याच्या मागून दुसरा गेला.

"नाव काय तुमचं?" रंजिताने विचारलं.

"भूपेंद्र."

मग त्याने सांगितलं, अर्धं तिला आणि अर्धं साखरेच्या डब्याला. गुड्डी त्याची थोरली बहीण. लग्न होऊन ती चिखल्याला गेली, तिचे यजमान तिथे खाणीत आहेत. जाताना जुना कॉम्प्युटर आणि आपलं खातं भावाला देऊन गेली. त्याच खात्यावरून त्याने पहिली दुरुस्ती पाठवली. उत्तर आलं, धन्यवाद ताई. खरं काय ते दुसऱ्या दिवशी सांगू, असं त्याने मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी ताईंना आणखी एक प्रश्न आला होता. महिनाभराने सांगायची वेळ निघून गेली. मागच्या आठवड्यात बहिणीच्या नावाच्या सहीची मुदत संपली, तेव्हा त्याने नवी सही आपल्या नावाने केली.

"मले वाटलं, यंत्रच सांगून टाकन," तो म्हणाला. "माह्याच्यानं तं बोलनं होत नव्हतं."

"आन् आता दीड तासापासून बसले, तवा?"

"तवा तुमी भामटा म्हनलं."

रंजिताला हसू आलं असतं. पण ती आठ महिन्यांची उजळणी करत होती. ताई म्हणून काय काय लिहिलं आपण. डोकं दुखतं ते, बाबा रागावले ते, आरशात बघून आलेला वैताग. आणि मुलगे बघायला आले ते. आता तिचे कान तापले.

"तुमसरच्या पोराले नाही म्हना, असं कोनी लिहिलं होतं? ताईनं, का तुमी?"

"ताईनं," तो लगेच म्हणाला. "लग्नानंतर कॉम्प्युटर बंद, म्हने तो. कोनीबी नाहीच म्हनलं असतं."

"आन् नागपूरचा?"

"तो... चांगला होता."

"मंग त्याले काहून नाही म्हना म्हनलं?"

भूपेंद्रने वर बघितलं. आल्यापासून पहिल्यांदाच त्याची नजर तिच्या नजरेला मिळाली, आणि त्याने ती खाली घेतली नाही.

"तवापर्यंत मी ताई राह्यलो नव्हतो," तो म्हणाला.

शकुनबाईंनी कढईत आलुबोंडे सोडले. रंजिताने हात पुढे केला आणि रुक्ष आवाजात ओळखपत्र मागितलं. त्याने आधार कार्ड दिलं. तिने कार्डावरचा चेहरा बघितला, समोरचा बघितला, पुन्हा कार्डावरचा.

"याच्यात तुमी भामटेच दिसता."

"आधारवर सगळेच दिसतात."

मग आलं मुख्य काम. प्रत्येक सहीला चाळीस अक्षरं-आकड्यांची एक खूण असते. ज्याची सही त्याने ती मोठ्याने वाचायची आणि ग्वाही देणाऱ्याने आपल्या पडद्यावर जुळवून बघायची. भूपेंद्रने चिठ्ठी काढली आणि वाचू लागला. चार, सी, नऊ, एफ... सगळी जुळली.

"पुन्हा वाचा," रंजिता म्हणाली.

त्याने पुन्हा वाचली. मधे एकदा तिने त्याला थांबवलं. अक्षर चुकलं म्हणून नाही.

"नागपूरच्या पोराले मी अदोगरच नाही म्हनलं होतं," पडद्याकडे बघत ती म्हणाली. "तुमचा मेसेज मंग आला. तो एवढं बोलला, पन मले सारखं वाटे, घरी जाऊन हे ताईले कधी सांगतो... हं, वाचा. सात झालं."

भूपेंद्रला सातच्या पुढचं सापडेना. त्याने पहिल्यापासून सुरुवात केली, आणि तिने ती करू दिली.

तिसऱ्यांदा चाळीस पूर्ण झाले तेव्हा शकुनबाई आलुबोंडे घेऊन टेबलाशी आल्या होत्या. एक वाचतो, दुसरी जुळवते, समोर पोराचं कार्ड. त्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं.

"किती गुन जुळले बाई?"

"चाळीस," रंजिता म्हणाली.

"छत्तीसच असतात ना?"

पडद्यावर प्रोग्रॅम रंजिताला विचारत होता, या माणसाची ओळख तुम्ही किती काळजीने तपासली? तिने उत्तर दिलं, अगदी बारकाईने. मग त्याने शेवटचं विचारलं, ही ग्वाही किती दिवस धरायची? एक वर्ष, दोन वर्षं, वाटेल तेवढी लिहिता येते. आणि जिला मुदत नकोच, कायमची हवी, त्या ग्वाहीपुढे शून्य लिहायचं असतं. रंजिताने बोट उचललं, क्षणभर हवेत धरलं आणि एक बटण दाबलं. मग भूपेंद्रचं नाव यादीत चढवून तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. तो चाचणी करून बघितल्याशिवाय हलला नाही. काठ उलटा फिरला त्या जागी दात टोकदार आला. त्याने सही केली, तिने केली, आणि नवी आवृत्ती एकही लाल ओळ न उमटता बाहेर पडली. रंजिताने घरी फोन करून बाबांना सांगितलं, सोमवारी माग लावा.

निघायची वेळ झाली. भूपेंद्रने बॅग खांद्याला अडकवली, काढली, पुन्हा अडकवली.

"मुदत... किती टाकली?" त्याने विचारलं.

"शून्य," रंजिता म्हणाली, आणि वायर गुंडाळू लागली.

शकुनबाईंच्या हातातला झारा थांबला. चाळीस जुळून शेवटी शून्य. पोराला धीराचे दोन शब्द सांगावे म्हणून त्या वळल्या. तो दारात उभा होता, आणि हसू लपवायला त्याला जागा सापडत नव्हती.