सतरा नंबरचा बिल्ला

रालित्साच्या आठव्या मजल्यावरच्या घरात दुपारपासून रेडिएटर मढ्यासारखे गार पडले होते. रात्री साडेदहाला खालच्या मजल्यावरचे स्तामेनकाका मधाची रिकामी बरणी परत द्यायला म्हणून आले. दाराशेजारच्या खिळ्याला कोट अडकवला आणि स्वयंपाकघरात असे बसले, की बरणी हे निमित्त होतं हे कुणाच्याही लक्षात यावं.

"कोट जपून हं काका," प्लामेन म्हणाला. "भिंत रविवारीच रंगवलीय."

"तुझ्या भिंतीला मी काय चावतोय?"

रालित्सानं शेगडीवर राकियाची दारू गरम करून तिच्यात मध घातला. खिडकीतून वीजघराचं धुराडं दिसत होतं. काकांची एकतीस वर्षं त्याच्याखाली गेली होती. तिथे आग एकच. तिच्यावर वीज होते आणि उरलेल्या उष्णतेचं उकळतं पाणी पाइपांतून अर्ध्या सोफियाच्या घरांत फिरतं.

"वीज गेली तर लोक मेणबत्ती लावतात," काका म्हणाले. "पाणी गेलं की आमच्या आयांचा उद्धार करतात. ल्यूबेनच्या रात्री नऊ हजार घरं उद्धार करत होती."

"पुन्हा थाप?" प्लामेन हसला. "मागच्या वेळी डुक्कर धुराड्यावर चढलं होतं."

"ते डुक्कर थाप होतं. हे खरं आहे. थाप असती तर मी शेवट गोड केला असता."

ल्यूबेन हा काकांच्या हाताखाली तयार झालेला व्हॉल्व्हवाला. चार वर्षांपूर्वीची एकवीस जानेवारी. रात्रीचा एक वाजून चाळीस. उणे सतरा. फुटलेला मोठा पाइप जोडून झाला होता. जोडणारे सहा जण गाडीत बसून निघून गेले होते. उरलं होतं एवढंच, की एक्केचाळीस नंबरच्या भुयारात उतरायचं आणि व्हॉल्व्ह उघडायचा. दहा मिनिटांचं काम.

त्याला घाई होती. त्याची मुलगी अकरा दिवसांची होती. सगळ्यांनी एकदम हीटर लावल्यामुळे त्याच्या इमारतीचा फ्यूज उडाला होता आणि घरात नऊ अंश. बायकोचा, नेवेनाचा, फोन दर पाच मिनिटांनी.

"बाळाचे ओठ निळे पडतायत रे. पोटाशी धरलंय तरी गार लागतंय."

"उघडतोच आहे. आत्ता. टोपी घाल तिला."

आता या पाइपवाल्यांची एक रीत. भुयाराच्या तोंडाशी लोखंडी पाटी असते. पाइपात शिरणारा प्रत्येक जण आपल्या नंबरचा पितळी बिल्ला तिच्यावर अडकवतो. बाहेर आला की आपला बिल्ला आपल्या हातानं काढतो. आपल्याच हातानं. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही, सख्खा भाऊ असला तरी. पाटी रिकामी झाली की खाली उतरून पाइपावर पान्यानं तीन ठोके द्यायचे, कान लावायचा, आणि मगच पाणी सोडायचं.

"तीन ठोके कशाला?" रालित्सानं विचारलं. "पाटी रिकामी असते ना?"

"रांगेलच्या वेळीही रिकामी होती."

रांगेल त्याच्याही एकोणीस वर्षं आधीचा. बिल्ला सतरा. पाइप एवढा रुंद, की माणूस आत रांगत जातो. तो जोड घासायला आत गेला होता. बाहेर त्याच्या एका सोबत्यानं आपला बिल्ला काढला आणि जाता जाता रांगेलचाही काढला. म्हटलं, पुढे गेला असेल, त्याचा हेलपाटा वाचेल. चांगुलपणा हो. मग पाणी सोडलं. उकळतं.

प्लामेनचं हसू गेलं होतं.

"तेव्हापासून सतरा नंबर कुणाला देत नाहीत. सोळानंतर अठरा."

ल्यूबेननं पाटी पाहिली. रिकामी. दहा पायऱ्या उतरला. पाइप पुन्हा बंद केलेला, झाकण आवळलेलं. पान्यानं ठोकलं. एक, दोन, तीन. कान लावला.

आतून… ठक.

ठक.

ठक.

त्यानं वायरलेस उचलला. "पाइपात कोणीतरी आहे."

"वेड लागलं का तुला?" कंट्रोल रूममधली बाई खेकसली. "सहाच्या सहा माझ्यासमोर चहा पितायत. बिल्ले मी स्वतः मोजले. उघड!"

पुन्हा ठोकलं. पुन्हा तीन. या वेळी जवळून.

तो धडपडत वर आला. पाटीवर बिल्ला होता. एक. हलत होता, नुकताच अडकवल्यासारखा. वारा नव्हता.

टॉर्च मारला. सतरा.

फोन वाजला. "ल्यूबेन, ती रडायची थांबलीय. रडतच नाहीये रे…"

हात लांब करायचा, बिल्ला काढायचा, खिशात टाकायचा. क्षणाचं काम. कोण बघतंय? त्यानं हात पुढे केलाही. बोटं वीतभर अंतरावर होती आणि चटका बसला. उणे सतरामध्ये. तव्यावरून काढल्यासारखा तो बिल्ला तापला होता.

त्यानं हात मागे घेतला. टोपी काढली.

"रांगेलदादा," तो म्हणाला. "घरी माझं लेकरू गारठतंय. पण मी नाही काढणार. तुमचा तुम्ही काढा."

आणि पाटीकडे पाठ करून उभा राहिला.

काही नाही.

मग खालून, लोखंडी पायरीवर… पाऊल.

दुसरं. ओलं.

तो मोजत होता. सात. आठ. जळक्या लोकरीचा वास आला. नऊ.

दहा.

मानेवर वाफ आली. गरम. कुणीतरी अगदी मागे…

खण्.

बराच वेळ गेला. वळला. पाटी रिकामी होती. बिल्ला होता तिथे पाटीचा रंग जळून गोल डाग पडला होता. ल्यूबेन खाली उतरला, तीन ठोके दिले. आत शांतता. दोन एक्केचाळीसला व्हॉल्व्ह उघडला.

"आणि बाळ?" रालित्सा पुटपुटली.

"पहाटे रेडिएटर तापला तशी भोकाड पसरून रडली. आख्ख्या मजल्यानं ऐकलं. आता चार वर्षांची आहे, मला टकल्या म्हणते."

प्लामेननं श्वास सोडला. "पण काका, ज्यानं रांगेलचा बिल्ला काढला, तो माणूस? त्याला ओळखता तुम्ही?"

काकांनी पेला रिकामा केला. खिडकीबाहेरच्या धुराड्याकडे बघत राहिले.

"ओळखतो की. रोज दाढी करताना भेटतो."



"तेव्हा काढून नेला तो बिल्ला," काका म्हणाले, "रांगेलच्या शवपेटीत मीच ठेवला. या हातानं. ल्यूबेन मला म्हणाला, तुम्हीही एकदा विचारून बघा रांगेलदादांना, माफ केलंत का म्हणून. मी म्हटलं, विचारीन. सवडीनं." ते उठले. "चला. सकाळी पाणी येईल. नाही आलं तर शिव्या द्या, आम्हाला सवय आहे."

दाराशी त्यांनी खिळ्यावरचा कोट काढून अंगात घातला आणि थबकले.

"कोट शेगडीवर धरला होतास का गं, पोरी? छान उबदार झालाय."

"नाही, काका."

ते बाहेर पडले. दार लागलं. जिन्यावरून उतरणारी पावलं ऐकू येत राहिली. सावकाश, एकेक.

रालित्सानं दाराजवळचा दिवा लावला. रविवारी रंगवलेल्या पांढऱ्या भिंतीवर, कोटाचा खिसा होता बरोबर तिथे, बाटलीच्या बुचाएवढा गोल तपकिरी डाग होता. रंग जळून फोड आले होते. मध्ये, उलटे उमटलेले दोन आकडे. एक आणि सात.

तिनं बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

रेडिएटर गारच होता.